सतरा हजार कंपनांच्या पलीकडे

१

सदतीस फाइली जागच्या जागी होत्या. नावं बरोबर होती, लांबी बरोबर होती. फक्त त्यांच्यात राहणारा प्राणी नाहीसा झाला होता.

हा प्राणी म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा एक हिरवा नाकतोडा. ज्या टेकडीवर तो राहत असे तिची खडी होऊन रस्त्यांखाली गेल्याला पाच वर्षं झाली. त्यानंतर तो कुणाला दिसला नाही. त्याचं गाणं उरलं होतं ते या सदतीस ध्वनिमुद्रणांत, आणि ती करणारे पोस्टमास्तर दोन वर्षांपूर्वी वारले होते.

पोस्टमास्तरांना दोन मुली. थोरली याच ध्वनिसंग्रहालयात तंत्रज्ञ होती. धाकटी श्रवणतज्ज्ञ, लोकांच्या कानांची तपासणी करून त्यांना नको असलेलं सत्य सांगणं हा तिचा वीस वर्षांचा व्यवसाय होता. गुरुवारी सकाळी ती दवाखान्याला कुलूप लावून, श्रवणमापक यंत्र खांद्याला अडकवून थेट संग्रहालयाच्या तळघरात उतरली तेव्हा थोरली एका टंकलिखित कागदाकडे बघत बसली होती.

"वाच," थोरली म्हणाली.

कागदावर तीन ओळी होत्या. "माझ्या हलगर्जीपणामुळे सदतीस दुर्मीळ ध्वनिमुद्रणांची कायमची हानी झाली आहे. मी जबाबदारी स्वीकारते. मी राजीनामा देत आहे." खाली सहीसाठी टिंबांची रांग होती.

"चार वाजता समिती येणार आहे. त्याआधी सही हवीय संचालकांना."

"आणि तू करणार?"

"बाबांचं काम माझ्या हातून गेलं असेल, तर सही करायला काय जातंय माझं?"

"असेल तर," धाकटी म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "या 'तर'चं काय ते आधी बघू. रडायचं असेल तर चारनंतर रड, ताई. आत्ता मला सगळं पहिल्यापासून सांग. मी पेशंट आहे असं समज. ऐकू येतं, पण कळत काही नाही."

२

थोरलीने डोळे पुसले आणि सांगायला घेतलं. कामाबद्दल बोलताना तिचा आवाज आपोआप सरळ होत असे.

"बाबांची ध्वनिमुद्रणं वेव्ह स्वरूपात होती. वेव्ह म्हणजे खोलीभर पसरलेली गादी. सगळा कापूस जिथल्या तिथे, पण जागा फार खाते. संचालकांनी हुकूम काढला की जागा संपत आलीय, सगळं फ्लॅकमध्ये बदला आणि वेव्ह पुसून टाका. फ्लॅक म्हणजे त्याच गादीची घट्ट बांधलेली वळकटी. उलगडली की गादी जशीच्या तशी. एक धागा इकडचा तिकडे होत नाही."

"आणि एमपीथ्री?"

"कापूस काढून टाकलेली गादी. माणसाला जे सहसा ऐकू येत नाही ते आधी फेकायचं, म्हणजे हलकी होते. गाणी ऐकायला उत्तम. पण या नाकतोड्याचं गाणं सेकंदाला अठरा हजार कंपनांपासून सुरू होतं. साधी एमपीथ्री सतरा हजारांच्या वरचं कापूनच टाकते."

"म्हणजे कुणीतरी वळकटीची एमपीथ्री केली, कापूस गेला, आणि तीच रिकामी खोळ पुन्हा वळकटीसारखी बांधून ठेवली."

"हो. फाइलींवर रविवारी सकाळी अकराची वेळ आहे. मी रविवारी घरी होते, पण कामासाठी घरूनच संग्रहालयाच्या यंत्रणेत शिरले होते. त्याची नोंद आहे. मूळ साठ्यावर लिहिण्याचा परवलीचा शब्द फक्त दोघांकडे आहे, माझ्याकडे आणि संचालकांकडे. रात्रीची नक्कल मात्र आपोआप होते."

"तिच्यात मूळ फाइली असतील की."

"होत्या. रविवारच्या रात्रीपर्यंत. नक्कल इमानदार असते बाई. चुकीचीही इमानानेच होते."

धाकटीने टेबलावरची जाड वही उघडली. पानांवर थोरलीच्या टपोऱ्या अक्षरात प्रत्येक फाइलीपुढे बत्तीस अक्षरांची एक अर्थहीन वाटणारी ओळ होती.

"हे काय आहे?"

"आवाजाचा ठसा. आतल्या आवाजावरून गणिताने काढतात. आवाज कणभर बदलला तरी ठसा पार बदलतो. यंत्र तो ठेवतंच, पण मी हातानेही लिहिते."

"सदतीस वेळा बत्तीस अक्षरं? हाताने?"

"बाबा नाही का म्हणायचे, नोंद न केलेलं पत्र हरवलं तर ते पाठवलंच नव्हतं." ती किंचित हसली. "आत्ताच्या फाइलींचे ठसे वहीशी जुळत नाहीत. पण संचालक म्हणतात, वही तुमची, अक्षर तुमचं. त्यात काय वाटेल ते लिहाल."

एवढ्यापुरतं संचालकांचं म्हणणं बिनचूक होतं, हे धाकटीने मनातल्या मनात मान्य केलं. बहिणीचा शब्द हा पुरावा नसतो. बहीण स्वतःची असली तरी नसतो.

"फ्लॅक बरोबर झालीय हे तू कसं तपासलंस?"

"उलट करून. त्या यंत्रावर." कोपऱ्यात पिवळट पडलेला एक जुना संगणक घरघरत होता. त्याच्यावर लिनक्स नावाची संगणकप्रणाली चालत होती आणि ती घरातल्या मोठ्या माणसांसारखी जुनी होती; कुणी बदलायचं धाडस करत नसे. "प्रत्येक वळकटी तिथे पुन्हा उलगडायची, मुळाशी ताडून बघायची. उलगडलेल्या वेव्ह तात्पुरत्या फोल्डरमध्ये पडतात. मी त्या पुसत बसत नाही. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झालं की तो फोल्डर आपोआप रिकामा होतो."

धाकटी सरळ बसली. "म्हणजे तिथे मूळ आवाज आहे!"

"होता," थोरली शांतपणे म्हणाली. "संचालकांनी रविवारी सगळी यंत्रं रीस्टार्ट केली. सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. हे म्हातारं सुरू व्हायला चार मिनिटं घेतं. चहा करून आणावा तरी परवलीचा शब्द विचारत बसलेलं असतं. पण पुसायला त्याला क्षणभरही लागत नाही."

३

संकेतस्थळ सांभाळणाऱ्या गृहस्थांना सगळे 'वायर' म्हणत. अंगकाठीमुळेही, आणि गळ्यात कायम एखादी वायर लोंबत असे म्हणूनही. वय त्रेचाळीस, भीती मात्र शाळकरी मुलाची.

"मी काही केलेलं नाही," धाकटी दारात दिसताच त्यांनी जाहीर केलं.

"मी अजून काही विचारलेलं नाही."

"सगळे तेच विचारतात हो. एमपीथ्री कोण करतं? वायर करतो. संकेतस्थळासाठी करतो, वेगळ्या फोल्डरात करतो. मूळ साठ्यातलं मला फक्त वाचता येतं. एक अक्षर लिहायला गेलो तर यंत्र हाकलून देतं."

"बिघडलेल्या फाइली कुठल्या प्रोग्रॅमने केल्यात ते कळतं का?"

वायरांचा चेहरा उजळला. भीतीवर कुतूहलाने मात केली की माणूस चांगला दिसतो, असं धाकटीचं निरीक्षण होतं. त्यांनी टर्मिनल, म्हणजे संगणकाला हुकूम टंकून द्यायची काळी खिडकी, उघडलं आणि एक ओळ टंकली. "प्रत्येक फाइलीच्या आत बनवणाऱ्या प्रोग्रॅमची सही असते. ताई 'फ्लॅक' नावाचाच प्रोग्रॅम वापरतात, त्याची सही वेगळी. ही सही एफएफएमपेग या फाइलींचं स्वरूप बदलणाऱ्या प्रोग्रॅमच्या घराण्यातली आहे."

"तुम्ही एफएफएमपेग वापरता."

चेहरा पुन्हा पडला. "वापरतो. पण एकटा मीच नाही हो. माऊसने टिचक्या मारत चालवायचे जे खिडक्यांचे प्रोग्रॅम असतात, त्यांच्या पोटातही तेच असतं. संचालकसाहेबांच्या संगणकावर तसलाच एक आहे. मीच टाकून दिला. त्यांना टर्मिनल म्हणजे काळी पाटी वाटते, बघितलं की शाळा आठवते म्हणतात."

"फाइली बिघडल्यात हे पहिल्यांदा कुणाला कळलं?"

"साहेबांना. सोमवारी दहाच्या बैठकीत म्हणाले, नाकतोड्याचं गाणं गेलंय. मग मला म्हणाले, खात्री करा. साडेदहाला मी ध्वनिचित्र काढलं. हे बघा."

पडद्यावर निळ्या-पिवळ्या रंगांचा पट्टा होता. खाली टेकडीवरचा वारा, मध्ये बाकीचे किडे, आणि सतरा हजारांच्या रेषेवर सुरीने कापल्यासारखा काळोख.

"त्याआधी कुणी चित्र काढलं होतं?"

"कोण काढणार? काढायचं कसं हे इथे मला आणि ताईंनाच येतं."

धाकटीने आपल्या टिपणवहीत दोन वेळा एकाखाली एक लिहिल्या. दहा. साडेदहा. मग त्यांच्यामधल्या रिकाम्या जागेकडे ती बराच वेळ बघत राहिली.

४

संचालकांनी साठी ओलांडली होती आणि मुदतवाढीचा अर्ज समितीपुढे होता. टेबल स्वच्छ, मिशी स्वच्छ, बोलणं त्याहून स्वच्छ.

"तुमची बहीण मला मुलीसारखी आहे," ते म्हणाले. "पण संस्थेपुढे नाती नसतात. साठ्यावर लिहिण्याचा अधिकार दोघांना. मी तर ते टर्मिनल-बिर्मिनल जाणत नाही. राहिलं कोण?"

"तर्क बरोबर आहे," धाकटी म्हणाली. संचालक सुखावले. "सोमवारी दहा वाजता तुम्हाला कसं कळलं?"

"कान आहेत मला! तीस वर्षं याच क्षेत्रात घालवली. सकाळी फाइल लावली आणि पहिल्या दहा सेकंदांत ओळखलं. गाणं गायब. बाकीचं सगळं होतं, पण तो एक बारीक चिर्र आवाज नव्हता."

"आधी तो ऐकला होता तुम्ही?"

"कितीदा! तुमच्या वडिलांबरोबर बसून ऐकलाय."

धाकटीने मान खाली घालून टिपण घेतलं. वडिलांनी स्वतः त्या नाकतोड्याचा आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. तो त्यांना पडद्यावर दिसायचा. 'मी याचा पोस्टमन,' ते म्हणत, 'पत्र पोचवतो, वाचता येत नाही.' हे तिने संचालकांना सांगितलं नाही. पेशंटला निदान तपासणी संपल्यावर सांगायचं असतं.

"रविवारी तुम्ही इथे आला होतात?"

"आलो होतो. सोमवारच्या व्याख्यानाची तयारी होती. माझा संगणक जरा अडकत होता, म्हणून म्हटलं सगळीच यंत्रं एकदा ताजीतवानी करावी. तळघरातलंसुद्धा मी स्वतः केलं. बटण दाबलं, पडदा काळा. पुन्हा दाबलं, लगेच सगळं होतं तसं हजर. उगाच म्हणतात जुनं झालंय. एकदम ठणठणीत आहे." त्यांनी घड्याळ पाहिलं. "आता मात्र ते पुरावा म्हणून मोहरबंद करतोय. वायरला सांगितलंय, दोन वाजता तळघरातलं सगळं उपटून ठेव."

दोनला पाच मिनिटं होती.

धाकटी आभार मानून उठली. दारापर्यंत ती चालत गेली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर तिचा पाय थबकला. पुन्हा दाबलं. लगेच. होतं तसं.

चहा होईपर्यंत सुरू न होणारं यंत्र?

पुढच्या अठरा पायऱ्या तिने कशा उतरल्या हे तिला नंतर सांगता आलं नाही. तळघराच्या दारात वायर उभे होते. त्यांच्या हातात एक उपटलेला प्लग होता.

५

"कशाचा आहे तो?" तिने ओरडून विचारलं.

वायर दचकून भिंतीला चिकटले. "पं... पंख्याचा. पंख्यापासून सुरुवात केली. साहेब म्हणाले सगळं उपट, मग म्हटलं क्रमाने उपटावं."

"तुमचा क्रम फार चांगला आहे. आता कशालाही हात लावू नका."

थोरली टेबलापाशी उठून उभी राहिली होती. धाकटीने तिला खांद्याला धरून जुन्या यंत्रासमोर आणलं. "ताई, हे यंत्र किती वेळ न थांबता चाललंय ते त्यालाच विचारता येतं का?"

"येतं. पण काय उपयोग? रविवारपासून..."

"विचार."

थोरलीने टर्मिनलमध्ये एक शब्द टंकला आणि कळ दाबली. एक ओळ उमटली. ती तिघांनीही वाचली. वायरांनी दोनदा वाचली.

"दोनशे अकरा दिवस?"

"त्यांनी बटण दाबलं," धाकटी म्हणाली, "पण पडद्याचं. पडदा झोपला, पडदा उठला. यंत्राला पत्ताही नाही. चार मिनिटं लागतात तिथे त्यांना 'लगेच' दिसलं. माणूस खरं बोलत होता ताई; आपण काय केलं एवढंच त्याला माहीत नव्हतं."

थोरलीने तात्पुरता फोल्डर उघडला. एकामागून एक नावं खाली सरकत गेली, बाबांच्या पद्धतीची नावं: टेकडीची बाजू, झुडपाचा क्रमांक, तारीख. वायर मोठ्याने मोजत होते. "पस्तीस... छत्तीस..."

"सदतीस," थोरली म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावला.

"आता रडू नकोस. आधी तीन ठिकाणी नकला. मग ठसे काढ आणि वहीशी ताडून बघ."

पहिला ठसा आला. धाकटी वहीतून एकेक अक्षर वाचत गेली, वायर पडद्यावर बोट ठेवत गेले. बत्तीसच्या बत्तीस जुळली. दुसरा जुळला. दहाव्यानंतर वायर प्रत्येक जुळणीला टेबलावर थाप मारू लागले. तीन वाजून दहा मिनिटांनी सदतिसावी थाप पडली.

"आपण सुटलो!" वायर म्हणाले.

"आवाज सुटला," धाकटी म्हणाली. "फाइली वाचल्या म्हणून ताईने बिघडवल्या नव्हत्या असं कुठे सिद्ध होतं? वेळ रविवारची, परवली दोघांकडे, आणि ताई तेव्हा यंत्रणेत होती." तिने खांद्यावरचं श्रवणमापक टेबलावर ठेवून त्याच्या वायरी सोडवल्या. "सही कुणाची हवी ते अजून ठरायचंय."

६

चार वाजता ऐकण्याच्या बंद खोलीत समितीचे तिघे बसले. अध्यक्षस्थानी कीटकशास्त्रज्ञ बाई होत्या. त्यांच्या चष्म्यावरून पाहण्यात एक प्रकारची टाचणी होती. संचालकांनी सहीची जागा कोरी असलेला कागद पुढे सरकवला.

"एक मिनिट," धाकटी म्हणाली. "या प्रकरणात चित्राच्याही आधी नुकसान ओळखणारा एकच साक्षीदार आहे, संचालकांचा कान. एवढ्या महत्त्वाच्या कानाला लेखी प्रमाणपत्र हवं. दहा मिनिटांचं काम आहे. सोबत वायरही बसतील, तुलनेसाठी."

संचालकांना स्तुती आणि तपासणी यांतला फरक त्या क्षणी जाणवला नाही. त्यांनी ऐटीत हेडफोन चढवला. धाकटीने दोघांच्या हातात एकेक बटण दिलं. आवाज ऐकू आला की दाबायचं.

धाकटी चकती फिरवत गेली. आठ हजार: दोघांनी दाबलं. दहा हजार: दोघांनी. बारा हजार: वायरांनी दाबलं, संचालकांनी तिच्या हाताकडे पाहून मग दाबलं. चौदा. पंधरा हजारांना वायरांनी मान हलवली आणि हेडफोन काढला. "संपलं माझं."

"तुम्हाला येतंय अजून?" धाकटीने पाटीवर लिहून विचारलं.

"स्वच्छ!" हेडफोनमुळे संचालक जरा जास्तच मोठ्याने म्हणाले.

सोळा. दाबलं. सतरा. दाबलं. अठरा. तिने चकतीला बोट लावताच दाबलं. एकोणीस. वीस. कीटकशास्त्रज्ञ बाईंच्या भुवया चष्म्याच्या वर गेल्या होत्या. धाकटीने संचालकांना हेडफोन काढायची खूण केली.

"नवलच आहे," ती म्हणाली. "वीस हजारांपर्यंत तुम्हाला स्वच्छ ऐकू आलं."

"म्हटलं नव्हतं?"

तिने मांडीवरून एक छोटा पितळी प्लग उचलला आणि टेबलावर ठेवला. प्लगची वायर संचालकांच्या हेडफोनला जाऊन मिळत होती.

"बारा हजारांनंतर हा माझ्या मांडीवर होता. तुम्ही शांतता ऐकत होता, साहेब. शांतता आणि माझा हात."

कीटकशास्त्रज्ञ बाईंनी प्लग उचलून निरखला आणि पुन्हा टेबलावर ठेवला.

"यात लाज वाटण्यासारखं काही नाही," धाकटी कोरडेपणाने पुढे म्हणाली. "साठीनंतर बारा हजारांच्या वरचं फारसं कुणाला ऐकू येत नाही. या नाकतोड्याचं गाणं अठरा हजारांपासून सुरू होतं. ते मलाही ऐकू येत नाही, आमच्या वडिलांनाही कधी आलं नाही. सोमवारी दहा वाजता ते गेल्याचं कानाने कळणं अशक्य होतं. डोळ्यांनी कळायला चित्र हवं. ते साडेदहाला निघालं. त्या अर्ध्या तासात ही गोष्ट एकाच माणसाला माहीत असू शकत होती. ज्याने ती केली त्याला."

"हे... हे सगळे तर्क आहेत," संचालक म्हणाले.

"तुमच्या संगणकावर तो टिचक्यांचा प्रोग्रॅम आहे. रविवारी अकरा वाजता त्याने काय केलं याची यादी तो स्वतःच ठेवतो, असं वायर म्हणतात. उघडायची का?"

संचालकांनी तो प्लग बोटाने दूर सारला. मग त्यांच्या आवाजातली इस्त्री मोडली. "व्याख्यानाला लहान फाइली हव्या होत्या. एमपीथ्री केल्या. 'मूळ काढून टाका' अशी एक खूण आधीपासून लावलेली होती, ती मी पाहिलीच नाही. घाबरलो. मग वाटलं, परत फ्लॅक केलं की सगळं परत येतं. फ्लॅकमध्ये काही जात नाही असंच तर म्हणतात ना?"

"फ्लॅकमध्ये जात नाही," थोरली पहिल्यांदाच बोलली. "पण आधीच गेलेलं ती आणतही नाही. आणि साहेब, चूक झाली होती तर त्याच दिवशी मला फोन करायचा. तेव्हा नक्कल शिल्लक होती. रात्र पडायच्या आत सगळं परत मिळालं असतं."

कीटकशास्त्रज्ञ बाईंनी तो टंकलिखित कागद उचलला, 'दुर्मीळ ध्वनिमुद्रणांची' या शब्दांवर क्षणभर थांबल्या आणि कागद संचालकांपुढे सरकवला. "मजकूर ठीक आहे. फक्त 'कायमची' हा शब्द खोडा आणि 'स्वीकारते'चं 'स्वीकारतो' करा. सही तुमची." मग थोरलीकडे वळून त्या म्हणाल्या, "बाई, या साठ्याची जबाबदारी आजपासून तुमची. पण मला एक सांगा. कुणालाच ऐकू येत नसेल तर मी इथून काय ऐकून जायचं?"

"सावकाश वाजवलं तर ऐकू येतं," थोरली म्हणाली. "चौपट सावकाश. अठरा हजारांचे साडेचार हजार होतात."

तिने एक ओळ टंकली. मोठ्या स्पीकरमधून आधी एक प्रचंड, लांबलचक गडगडाट आला. वायर खुर्चीतून उडाले.

"ढग?"

"नाही," धाकटी म्हणाली. "बाबांचा खोकला."

दोघी बहिणी एकदमच हसल्या. या आठवड्यात पहिल्यांदा. गडगडाट विरत गेला, वारा समुद्रासारखा मागे सरला, आणि मग ते आलं: काचेच्या बांगडीवर काचेची बांगडी ओढावी तसं, उंच, रेखीव, न चुकणारं. एक ओळ, विराम, दुसरी ओळ. ज्या टेकडीचा आता दगडही शिल्लक नव्हता, तिच्या उतरणीवरून अंगठ्याच्या नखाएवढा प्राणी भर खोलीत गात होता.

कीटकशास्त्रज्ञ बाईंनी चष्मा काढून ठेवला. समितीतले दोघे हातातली पेनं विसरले. थोरलीने मांडीवरची वही उघडली, सदतिसाव्या ओळीखाली आजची तारीख घातली आणि टपोऱ्या अक्षरात नोंद केली: पत्र पोचलं.